लसूण नाही, दूध आहे, आणि तीन तास लागतात: बोलोन्याच्या रागूबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुम्ही पदार्थ खरोखर करून बघून मग प्रतिक्रिया लिहिली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटत नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी थोडक्यात सांगते. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या रागूची, म्हणजे पास्त्याला लावायच्या मांसाच्या सॉसची, जी कृती मी दिली होती तिच्यात लसूण नाही, ओरेगॅनो नाही आणि टोमॅटो नावापुरता, म्हणून तुम्हाला तो "आजाऱ्याच्या पथ्याचा खिमा" वाटला. मटणात दूध घालणं घरच्या मोठ्या माणसांना पटलं नाही. जे काम कुकरच्या चार शिट्ट्यांत होतं त्यासाठी तीन तास गॅस का जाळायचा, असा तुमचा प्रश्न आहे. सगळं जग स्पॅगेटी खातं, तर मी त्या रुंद पट्ट्यांचा आग्रह का धरते, हा दुसरा. आणि डुकराचं मांस, वाईन वगैरे साध्या मराठी घरात कोण आणणार, हा शेवटचा. सोबत तुम्ही तुमची पद्धतही दिली आहे: अर्धा किलो खिम्याला किलोभर टोमॅटो, लसणाचा अख्खा गड्डा, ओरेगॅनो, चिली फ्लेक्स, वरून भरपूर चीज.

तुमचा सॉस चविष्ट होत असणार, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो टोमॅटोचा सॉस आहे आणि त्यात खिमा आहे. बोलोन्याचा रागू हा मांसाचा पदार्थ आहे. त्यात टोमॅटोचं काम आपल्या आमटीतल्या आमसुलाएवढंच: थोडा आंबटपणा, थोडा रंग, आणि मग बाजूला व्हायचं. हा फरक मनात ठेवला की तुमचे बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

प्रमाणच बघा. 'आकादेमिया इतालियाना देल्ला कुचिना' ही इटलीतली पाककलेची संस्था १९५३ साली सुरू झाली. तिने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी रागूची कृती बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ती सुधारून पुन्हा नोंदवली. नव्या नोंदीत ४०० ग्रॅम जाडसर दळलेलं गोमांस, १५० ग्रॅम ताजा पान्चेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीचं मांस, कांदा, गाजर आणि सेलरी प्रत्येकी साधारण ६० ग्रॅम, पेलाभर वाईन, २०० ग्रॅम टोमॅटोचा गाळलेला रस आणि चमचाभर घट्ट टोमॅटो पेस्ट आहे. म्हणजे साडेपाचशे ग्रॅम मांसाला जेमतेम पाव किलो टोमॅटो. १९८२ च्या नोंदीत तर तो याहूनही कमी होता, फक्त पाच चमचे रस.

त्याआधीची परिस्थिती आणखी बोलकी आहे. पेल्लेग्रीनो आर्तुझी यांनी १८९१ साली फ्लोरेन्समध्ये स्वखर्चाने छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात 'बोलोन्या पद्धतीची माकारोनी' आहे. त्यात वासराचं मांस, पान्चेत्ता, लोणी, कांदा, गाजर, सेलरी, किंचित मैदा, जायफळ एवढंच. टोमॅटो अजिबात नाही. उलट चव आणखी खुलवायची तर शेवटी अर्धा पेला क्रीम घाला, असं ते सुचवतात. म्हणजे टोमॅटो कमी ठेवण्यात कुणाची कंजुषी नाही. तो या पदार्थात उशिरा आला आणि बेताने आला.

आता लसूण. संस्थेच्या नोंदीत काय चालतं आणि काय चालत नाही याची सरळ यादीच आहे. लसूण चालत नाही, रोजमेरी, पार्स्ली वगैरे पाने चालत नाहीत, धुरावलेला पान्चेत्ता चालत नाही, घट्टपणासाठी मैदा चालत नाही. जायफळाचा हलका वास चालतो. बोलोन्यात प्रत्येक घरचा रागू वेगळा असतो, त्यामुळे अशा नोंदीला मी कायदा मानत नाही. पण लसणाच्या बाबतीत मला ती पटते, कारण या पदार्थाचा गोडवा फार हळू आवाजात बोलतो. कांदा-गाजर-सेलरी मंद आचेवर परतताना सुटणारा गोडवा, भाजलेल्या मांसाची खमंग चव आणि दूध-लोण्याचा मऊपणा या तिघांवर तो उभा आहे. लसणाच्या चार पाकळ्या पडल्या की हे तिन्ही झाकले जातात आणि नुसता लसूण उरतो.

इटालियन म्हणजे लसूण-ओरेगॅनो हे समीकरण आपल्याकडे आलं ते फार लांबच्या रस्त्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत गेलेले इटालियन बहुतांशी दक्षिणेकडचे होते: नापोली, कालाब्रिया, सिसिली. त्यांची चव तिकडे 'इटालियन' म्हणून रूढ झाली, आणि तिथून पिझ्झाच्या खोक्यातल्या छोट्या पुड्यांतून आपल्या फ्रीजच्या दारात येऊन बसली. बोलोन्या उत्तरेला, पो नदीच्या मैदानात आहे. तो गाई-डुकरांचा, लोण्याचा, पार्मिजानो चीजचा मुलूख. तिथल्या स्वयंपाकाची घडणच वेगळी.

तुम्हाला टोमॅटो आणि लसूण दोन्ही हवे असतील तर नापोलीकडे वळा, असं मी अगदी मनापासून सांगेन. नापोलीचा रागूही थोर पदार्थ आहे. त्यात खिमा नसतोच. डुकराच्या फासळ्या, गोमांसाचे मोठे तुकडे आणि आत लसूण, पार्स्ली, मनुका, चिलगोजे भरून दोऱ्याने बांधलेल्या मांसाच्या गुंडाळ्या भरपूर टोमॅटोत तासन्‌तास शिजतात. सॉस पास्त्याला लावतात आणि मांस नंतर वेगळं वाढतात. तुमच्या सॉसची जातकुळी त्याच्या जास्त जवळची आहे. त्याची कृती लवकरच लिहिते.

दुधाचं उत्तर सोपं आहे. घरात मांस आणि दूध एकत्र खात नसाल तर दूध वगळा. २०२३ च्या नोंदीत ते ऐच्छिकच आहे. ज्यांना चालतं त्यांनी मात्र जरूर घालावं. दुधातली चरबी आणि प्रथिनं टोमॅटो-वाईनचा आंबटपणा खाली आणतात आणि सॉसला गोलाई देतात. शिजल्यावर दुधाची वेगळी चव लागतच नाही. तुमचं दूध फाटून कण दिसले, असं तुम्ही लिहिलंय. आंबट पदार्थात गार दूध एकदम ओतलं की हे होतं. दूध कोमट करा, साय नीट मोडा, आच अगदी कमी ठेवा आणि अर्धा वेळ शिजून झाल्यावर चार-पाच वेळा थोडंथोडं घाला. इटालियन पाककृतींची पुस्तकं लिहिणाऱ्या मार्चेल्ला हाझान बोलोन्याच्याच प्रदेशातल्या. त्या वाईन आणि टोमॅटोच्या आधीच मांसात दूध आटवून घ्यायच्या. तीही पद्धत चांगली आहे, आणि दूध फाटण्याची भीती तिच्यात जवळजवळ नाही.

आता खरा मुद्दा: वेळ. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की "बेचव" लागण्याचं कारण लसूण नसून हे आहे. तुम्ही लिहिलंय, "खिमा घातला, रंग बदलला, लगेच टोमॅटो घातला." रंग बदलणं म्हणजे मांस फक्त वाफवलं गेलं. भाजलं गेलं नाही.

मी बोलोन्यात राहत होते तेव्हा घरमालकीण बाई या टप्प्यावर पातेल्यात बघायच्याच नाहीत, पाठ फिरवून दुसरं काम करत कान देऊन उभ्या असायच्या. तेव्हापासून मीही तेच करते. खिमा पातेल्यात पडला की आधी पाणी सोडतो, आणि आवाज येतो तो बुडबुड असा ओला. पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला खमंगपणा यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. आच मोठी ठेवून परतत राहिलात की पाणी आटतं, आवाज बदलतो आणि कोरडी, बारीक चरचर सुरू होते. तिथे थांबायचं नाही. आणखी पाच-सात मिनिटं तळाला तपकिरी थर धरू द्यायचा, उलथन्याने खरवडायचा, पुन्हा धरू द्यायचा. मग वाईन घातली की तो थर सुटून सॉसमध्ये उतरतो. रागूची निम्मी चव त्या थरात असते. पातेलं रुंद घ्या, आणि खिमा अर्धा किलोपेक्षा जास्त असेल तर दोन खेपांत परता. गर्दी झाली की पाणी आटत नाही, मग कितीही वेळ परता, चरचर येत नाही.

त्यानंतरचे दोन-तीन तास मात्र तुम्हाला ओट्यापाशी उभं राहायचं नाही. गॅस सर्वांत लहान बर्नरवर, पूर्ण बारीक. सॉस खदखदता कामा नये. पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा फुटला पाहिजे. खदखदला तर खिम्याचे दाणे आवळतात आणि रवाळ, कोरडे लागतात. मंद आचेवर मांसातला चिवट भाग हळूहळू विरघळून सॉसला दाट, ओठांना चिकटणारा पोत देतो. मध्येच कोरडं वाटलं तर पळीभर गरम सूप किंवा पाणी घाला, थंड नको. झालं कधी हे आपल्याला शिकवायला नकोच: तेल सुटून कडेला दिसू लागलं आणि कालथा फिरवल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर उघडा राहिला की झालं.

गॅसचा हिशेब मला कळतो. म्हणून मी दुप्पट करते. रागू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने सुखाने राहतो. एकदाच्या तीन तासांत चार जेवणं निघतात.

स्पॅगेटीबद्दल बोलोन्याची माणसं फार हळवी आहेत. २०१९ साली तिथल्या महापौरांनी, विर्जिनियो मेरोला यांनी, जगभर 'स्पॅगेटी बोलोनेझ' म्हणून जे खपवलं जातं त्याचे फोटो लोकांकडून मागवले होते, कारण त्यांच्या शहराच्या नावावर चालणारी ही थाळी त्यांच्या शहराची नाही. मला त्यातलं व्यावहारिक कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. स्पॅगेटी गोल आणि गुळगुळीत असते, त्यामुळे पास्ता काट्याला येतो आणि खिमा ताटलीत खाली उरतो. तालियातेल्ले, म्हणजे त्या रुंद पट्ट्यांचा पास्ता, अंड्याचा, चपटा, लाकडी लाटण्याने लाटल्यामुळे किंचित खरखरीत असतो, खिमा त्याला धरून राहतो. त्याची रुंदीही १९७२ मध्ये नोंदवली गेली: शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. पट्टी घेऊन बसू नका. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं या मापाने कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, पोळपाटावर पातळ लाटा, मैदा भुरभुरून गुंडाळी करा आणि सुरीने कापा. वेळ नसेल तर दुकानातली वाळवलेली फेट्टुचीनी चालेल. पास्ता रागूच्या पातेल्यात घालून, तो ज्यात उकडला त्यातलंच वाटीभर पाणी घालून मिनिटभर एकत्र हलवा. पांढऱ्या पास्त्यावर मधोमध सॉसचा ढीग नको.

राहिलं साहित्य. महाराष्ट्रात गोमांस नाही, आणि त्याची गरजही नाही. मटणाचा खिमा घ्या, पण खाटकाला सांगा की जाडसर हवा, एकदाच काढा, आणि थोडी चरबी राहू द्या. दुकानातला आधीच काढून ठेवलेला अगदी बारीक खिमा लगदा होतो. डुकराचं मांस खाणाऱ्यांना गोव्यात आणि मुंबई-पुण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत पोटाकडचा ताजा तुकडा मिळतो. बेकन मात्र घालू नका. आपल्याकडचा बहुतेक बेकन धुरावलेला असतो आणि सगळा सॉस त्या धुराचाच लागतो. डुकराचं मांस खात नसाल तर दोन मोठे चमचे लोणी घ्या. वाईन नाशिकची साधी ड्राय असली तरी पुरते. वाईन नको असेल तर तिच्या जागी सूप घाला. व्हिनेगर नको, तो बोचतो. सेलरी नाही मिळाली तर गाजर-कांदा वाढवा. कोथिंबिरीचे देठ घालू नका, पदार्थ सरळ खिम्याच्या रश्शाकडे जातो.

आणि कुकर. बंद कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, मांस लवकर मऊ होतं, हे तुमचं बरोबर आहे. पण वाफ आतच कोंडल्यामुळे सॉस आटत नाही, आणि चवी एकवटतात त्या आटण्यानेच. तेव्हा मधला मार्ग असा: भाजी परतणं, खिमा चरचरेपर्यंत भाजणं आणि वाईन आटवणं हे सगळं कुकरमध्येच, पण झाकण न लावता. मग टोमॅटो आणि फक्त अर्धी वाटी सूप घालून झाकण लावा, एका शिट्टीनंतर बारीक आचेवर वीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या, झाकण काढा, दूध घालणार असाल तर ते थोडंथोडं घाला, आणि तेल सुटेपर्यंत उघड्यावर आटवा. माझा अंदाज पाऊण तासाचा आहे. तुमच्या शेगडीवर किती वेळ लागला ते इथेच खाली लिहा. कुकरबद्दल विचारणारे तुम्ही एकटे नाही, बाकीच्यांनाही तो आकडा हवा आहे.