‘साफसफाईचे ६५० घेतले, आठ दिवसांत पुन्हा घरघर’ : या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. पंख्याचा आवाज येतो म्हणून तुम्ही एप्रिलमध्ये लॅपटॉप आमच्याकडे दिला. आम्ही साफ करून ६५० रुपये घेतले. आठ दिवसांत पुन्हा घरघर सुरू झाली, तीनदा फोन केला तर कुणी उचलला नाही. शेवटी दुसरीकडं १,९०० रुपये देऊन पंखा बदलून घेतलात आणि तिथं ऐकलंत की ‘आत जुना पंखा आहे’. म्हणजे ओरिजिनल आम्ही काढून घेतला, असं तुमचं म्हणणं.

शेवटचं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

फोनचं आधी सांगतो, कारण त्याला सबबच नाही. त्या आठवड्यात मी लग्नाला गावी गेलो होतो. दुकानाचा फोन काउंटरखाली चार्जिंगला पडलेला आणि पोरगा आत सोल्डरिंगला बसलेला. मिस्ड कॉल दिसल्यावर उलट फोन करायला पाहिजे होता. केला नाही. माफ करा.

आता आवाजाचं. आमच्या वहीत तुमच्या नावापुढं दोनच शब्द आहेत, ‘फॅन आवाज’. पोरानं तेवढंच लिहून घेतलं आणि खरी चूक तिथूनच सुरू झाली. कसला आवाज, हे विचारलंच नाही. लॅपटॉपमधून वारा सुटल्यासारखा ‘सूऽऽ’ येणं वेगळं आणि खडे दळल्यासारखी ‘खर्रर्र’ येणं वेगळं. सूऽऽ म्हणजे पंखा धडधाकट आहे, त्याला हवा मिळत नाही म्हणून जिवाच्या आकांतानं पळतोय. खर्रर्र म्हणजे पंख्याचा बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती नळी, झिजलाय आणि आतली दांडी डुगडुगतेय. पहिल्याला साफसफाई पुरते. दुसऱ्याला कितीही साफ करा, काही उपयोग नाही.

तुमच्या लॅपटॉपला दोन्ही होतं.

खालचं झाकण मीच उघडलं होतं, म्हणून चांगलं आठवतं. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधल्या फटीत तूस इतकं घट्ट बसलं होतं की चिमट्यानं टोक धरून ओढल्यावर अख्खी पट्टीच बाहेर आली. बोटाएवढी लांब, नमद्यासारखी दाबलेली, निळसर पांढरी. घरात टॉवेलचे माग आहेत हे तुम्ही रिव्ह्यूमध्ये आत्ता लिहिलंय, पण मला त्या दिवशीच कळलं होतं. मागावर निळ्या काठाचा माल चालू असणार, हेसुद्धा. सोलापुरात पूर्व भागातनं, म्हणजे मागांच्या वस्तीतनं, येणारे लॅपटॉप आम्ही उघडण्याआधीच ओळखतो की ओ. साधी धूळ असली तर ब्रशनं उडते. टेरी टॉवेलचं तूस उडत नाही, ते एकमेकांत गुंतत जातं. जाळीच्या पात्यांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट असते, तिथं एकदा धागा अडकला की पुढचा त्याच्यावर बसतो आणि आतल्या आत चादर विणली जाते.

त्यात एप्रिलचं ऊन. बाहेर ४२ डिग्री असलं की पंखा आत ओढतो ती हवासुद्धा तेवढीच. त्या हवेनं प्रोसेसर थंड करायचा, तोही बंद जाळीतून. तुमचा लॅपटॉप आला तेव्हा साधी एक्सेल उघडली तरी ९४ डिग्री दाखवत होता. पट्टी काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली, तेव्हा तेच काम करताना ७१ वर आला. हे काम झालं होतं. ६५० हवेत घेतले नाहीत.

पण पंखा हळू झाल्यावर त्याच्याखालची बारीक खरखर मला ऐकू आली होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या कडेला टेकवून मूठ कानाला लावली की बुशचा आवाज थेट कानात येतो. मी तसं बघितलं होतं. लॅपटॉप कुशीवर उभा केला तेव्हा आवाज बदललासुद्धा. दांडीला खेळ आला की असंच होतं. तुमचे जीएसटीचे रिटर्न २० तारखेच्या आत भरायचे होते, तसं तुम्ही दोनदा बजावलं होतं, आणि त्या मॉडेलचा पंखा पुण्याहून मागवायला चार-पाच दिवस लागले असते. म्हटलं, एवढ्यावर महिना दोन महिने निघेल, आत्ता कशाला सांगून घाबरवायचं. १७ तारखेला लॅपटॉप तुमच्या हातात दिला आणि ‘झालं ताई’ एवढंच बोललो.

तिथं मी चुकलो. ‘काम चालेल, पण पंखा जाणार आहे, २० नंतर आणा’ हे एक वाक्य बोललो असतो तर हा रिव्ह्यू आला नसता. निर्णय तुमचा होता, तो मी परस्पर घेतला.

पंखा बदलल्याच्या आरोपावर मात्र गप्प बसणार नाही. दुकानात आलेलं प्रत्येक मशीन उघडल्या उघडल्या आतला फोटो काढतो आणि बंद करायच्या आधी दुसरा. तुमचे दोन्ही फोटो आहेत, तुमच्या नंबरवर पाठवलेत. पंख्यावरच्या स्टिकरचा उजवा कोपरा उचकटलेला आहे आणि खाली पार्ट नंबर वाचता येतो. दोन्ही फोटोंत तोच कोपरा, तोच नंबर. दुसरीकडं काढलेला पंखा तुमच्याकडं असेल तर ताडून बघा. त्या कारागिरानं ‘पंखा जुना आहे’ म्हटलं असेल तर ते खरंच आहे. लॅपटॉप पाच वर्षांचा आणि पंखा त्याच्याबरोबरच आलेला, तो जुना असणारच. ‘जुना आहे’ आणि ‘जुना बसवलाय’ यात फरक आहे. त्यांनी नेमकं काय म्हटलं ते मी ऐकलेलं नाही, त्यामुळं त्यांना दोष देत नाही. पंखा बदलला ते त्यांनी बरोबरच केलं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं लिहितो, कारण याच तक्रारी घेऊन रोज चार जण येतात. मागाच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरनं लॅपटॉपमध्ये हवा मारू नका. एक तर त्या हवेत पाणी असतं, शिवाय पंखा नको तेवढ्या वेगानं फिरतो आणि चांगला असलेला बुशही त्यात जातो. आम्ही ब्लोअर मारतानासुद्धा पातं काडीनं अडवून धरतो. (ताई, तुमच्याकडं असं झालं असं मी म्हणत नाही.) दुसरं, शिलाई मशीनचं तेल. दोन थेंब सोडले की आवाज जादूसारखा बंद होतो, आणि पंधरा दिवसांनी त्या तेलावर तूस चिकटून पंखा पार जाम. आम्ही तेल घालत नाही, कुणी मागितलं तरी.

टकटक असा ठरावीक ताल असेल तर बहुतेक वेळा एखादी वायर पात्याला लागत असते. पण जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्कही तशीच टकटकते, म्हणून आधी डेटाची कॉपी काढा, मग दुकानात या. पंखा थांबलेला असतानाही डासासारखी बारीक किणकिण येत असेल तर ती बोर्डावरच्या कॉइलची. ती कानाला त्रास देते, मशीनला नाही, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. आणि आवाजाबरोबर तळ फुगलेला वाटला, टचपॅड वर आल्यासारखा दिसला, तर लॅपटॉप लगेच बंद करून चार्जर काढा. बॅटरी फुगून झाकण पंख्यावर दाबलं जातंय. तो आवाज पंख्याचा आजार नव्हे.

एक सोय आम्ही आता केली आहे. नवी पेठेतल्या रस्त्यावर रिक्षाच्या हॉर्नमध्ये पंखा कसला ऐकू येणार? म्हणून लॅपटॉप आणायच्या आधी रात्री घरात सगळं शांत झालं की मोबाइल की-बोर्डजवळ धरून अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून आणा. वहीतही आता ‘फॅन आवाज’ चालत नाही. सूऽऽ, खर्रर्र की टकटक, ते लिहावंच लागतं. पोरगा वैतागलाय, पण लिहितो.

तुमच्या पैशांचं. पंखा बदलताना तळ उघडावाच लागतो आणि साफसफाई त्याच मजुरीत होते. तुम्हाला मजुरी दोनदा पडली ती मी वेळेवर न बोलल्यामुळं, म्हणून ६५० रुपये परत. १,९०० मी देणार नाही, कारण पंखा कधीतरी घ्यावाच लागला असता. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. फक्त फोटो बघून पटलं तर ‘ओरिजिनल काढून घेतला’ एवढी ओळ दुरुस्त करा.

दुकान साडेदहा ते साडेआठ, रविवारी बंद. येताना जुना पंखा फेकला नसेल तर आणा. तुमची ती निळी पट्टी काउंटरवर डबीत ठेवलीय. मागवाले गिऱ्हाईक आले की आधी तीच दाखवतो.