वाडा पाडण्याआधी सिमेंट उतरवा

शहापुरातला किंवा खडेबाजारातला जुना वाडा विकायला निघाला, की बेळगावात वाद ठरलेला. एक म्हणतो, पाडा आणि पार्किंगसकट फ्लॅट उभे करा. दुसरा म्हणतो, विलायतेसारखा कायदा आणा, खिडकीसुद्धा बदलू देऊ नका. विलायतेत राहणाऱ्याला या दुसऱ्या पक्षाचीच जास्त काळजी वाटते.

इंग्लंडमध्ये इमारत वारसा यादीत गेली, की १९९०च्या कायद्याने आतला जिनासुद्धा परवानगीशिवाय हलवता येत नाही. हलवलाच तर फौजदारी गुन्हा. आणि गंमत अशी, की नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्याच्या दुरुस्तीवर मात्र २० टक्के. मंजूर फेरबदलांना सवलत होती, तीही २०१२मध्ये काढून घेतली. हाच कायदा आपल्याकडे आणला, तर सात वारसांच्या वाड्याला कुलूप लागेल आणि चार पावसाळ्यांत छप्पर खाली बसेल. आपसूक पडणाऱ्या घराला कोणाची परवानगी लागत नाही. किल्ल्यातल्या कमलबस्तीभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आहे ती ठीकच. पण ते १२०४चं देवालय. नांदत्या घराला तो उपाय चालायचा नाही.

विलायतेतून घ्यायचीच तर चुन्याची शिस्त घ्यावी. बेळगाव-खानापूर पट्ट्यातला जांभा सच्छिद्र. ओल पितो आणि बाहेर टाकतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत कोंडते, माजघरात कमरेएवढ्या उंचीवर मीठ फुटतं आणि मालक म्हणतो, भिंत कुजली. बहुतेकदा चूक गिलाव्याची असते. खरं कुजतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. तिथे पेचकस टोचून बघावा. मुठीपर्यंत आत गेला तर ते टोक कापून नवं सागवान जोडावं लागतं, पण अख्खी तुळई काढायची गरज नसते.

क्रम चुकवू नये. आधी कौलं आणि पन्हळ, मग भिंतीच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं चढलेली माती खाली घ्यायची, मगच सिमेंट उतरवायचं. भिंत वाळायला ढोबळ हिशेब इंचाला महिना; अठरा इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी नऊ महिने. म्हणजे यंदाच्या दिवाळीत उतरवलं तर नवा गिलावा पुढच्या दिवाळीनंतर. मधल्या पावसाळ्यात झड लागू नये म्हणून ताडपत्री बांधावी, पण भिंतीपासून हातभर लांब. कंत्राटदाराला हे पटत नाही, त्याचं बिल अडकतं.

कळीचा चुना पाण्यात विरवून, चाळून, निदान महिनाभर पाण्याखाली मुरवायचा. चाळायचा कंटाळा केला तर न विरलेला खडा नंतर भिंतीत फुगतो आणि डाळीएवढे टवके उडतात. एक भाग चुना, तीन भाग खरखरीत, टोकदार कणांची वाळू. आपल्या दमट हवेत थोडी सुर्खी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, घातली तर पकड लवकर येते. एक थर अर्ध्या इंचाच्या आत, वर आठवडाभर ओली गोणपाटं. बाहेरचं काम महाशिवरात्रीपर्यंत संपवावं. नंतरच्या उन्हात चुना तडकतो, आणि वळीव आला तर कोवळा गिलावा धुऊन जातो. गवंडी पाठ फिरताच ‘पकड येते’ म्हणून घमेलंभर सिमेंट मिसळतो, तिथे लक्ष हवं. वरून प्लास्टिक पेंट दिला तर सगळी मेहनत फुकट. चुन्याची सफेदीच हवी.

नवा वापर ठरवताना वजन बघा. घराच्या मजल्यासाठी भारतीय मानक चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतं, वाचनालयासाठी दुप्पट. तेव्हा वाचनालय खाली सोप्यात, वर माडीवर राहण्याच्या खोल्या. संडास-न्हाणी परसात नव्याने बांधा. लाकडी माडीवर नळ नेला की गळती दिसेपर्यंत तुळई गेलेली असते. वायरिंग भिंत न खोदता वरूनच पट्टीतून न्यावं, दिसलं तर दिसू दे.

महापालिकेकडे बंदी मागण्यापेक्षा चुन्याचा एक सार्वजनिक हौद मागावा. भट्टीवरून कळीचा चुना आणून चार गवंड्यांनी तो भरत राहायचा, लागेल त्याने विकत न्यायचा. दसऱ्याला भरला तर दिवाळीनंतर पहिली घमेली निघतील.