शिकलेल्यांनी राजकारणात यावं ते असं

"शिकलेली माणसं राजकारणात आली की देश सुधारेल." या आठवड्यात हे तिसऱ्यांदा कानावर पडलं. मग या, प्राध्यापक महोदय. बोस्नियातल्या सारायेव्होच्या, तिथल्या सर्बांच्या नेत्या बिल्याना प्लावशिच यांनी वाट आखून ठेवलीच आहे.

आधी बायोडाटा. जीवशास्त्राची प्राध्यापकी, डीनपद, अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती. तो इतका जड हवा की पुढे काहीही बरळलात तरी लोक म्हणतील, बाई अभ्यासू आहेत हो.

1990 ला बोस्नियातल्या सर्बांचा पुढारी कराजिच, त्याच्या पक्षाचं तिकीट घ्या.

फोटो निघू द्या. एप्रिल 1992, बोस्नियातलं बियेलिना, युद्धाची सुरुवात. अर्कान या सर्ब म्होरक्याच्या सशस्त्र टोळीने शहरातले मुसलमान नुकतेच मारलेले. तुम्ही जाऊन अर्कानचा मुका घ्या.

विषयाची पकड सोडू नका. 1993 मध्ये बाईंनी सांगितलं, इस्लाम स्वीकारला तो जनुकीयदृष्ट्या बिघडलेल्या मालाने, आणि ते जनुक पिढीगणिक दाट होतंय. हेच पहिल्या वर्षाच्या पोराने पेपरात लिहिलं असतं तर भोपळा मिळाला असता.

आता हेग, युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. जानेवारी 2001 मध्ये आपण होऊन हजर व्हा. आठ आरोप, त्यांत नरसंहारही. त्यांतला वंश-धर्मावरून केलेल्या छळाचा एक कबूल करा, बाकीचे मागे घेतले जातात. इतरांविरुद्ध साक्ष द्यायची अट करारात नकोच. चेहरा पडलेला ठेवा, अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री अल्ब्राइट येऊन चार बरे शब्द बोलतील. सरकारी पक्ष 15 ते 25 वर्षं मागतो, मिळतात 11, तीही स्वीडनच्या तुरुंगात. जानेवारी 2009 मध्ये तिथल्या मासिकाला सांगून टाका, मी काहीच वाईट केलं नाही, कबुली म्हणजे सौदा होता, खटला तीन-साडेतीन वर्षं चालला असता आणि या वयात ते झेपणारं नव्हतं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दोन-तृतीयांश शिक्षा भरल्यावर, सुटका! आदेशात म्हणे पुनर्वसन दिसतं. बाई तुरुंगाच्या आवारात फिरतात आणि बेकिंग करतात. बेकिंग! निकालपत्रात 37 नगरपालिकांतले गुन्हे आहेत, मुसलमान आणि क्रोएटांची 850 हून जास्त गावं जमीनदोस्त झाल्याची नोंद आहे, आणि इथे ओव्हन तापवल्याचे गुण! न्यायला बोस्नियातल्या सर्ब प्रांताचे, रेपुब्लिका स्र्प्स्काचे तेव्हाचे पंतप्रधान दोदिक सरकारी विमान घेऊन हजर.

पुरे. डिग्री बघून माना डोलावणाऱ्यांनो, जरा ती यादी वाचा. कराजिच मानसोपचारतज्ज्ञ, त्याच पक्षाचे नेते कोल्येविच शेक्सपियरचे प्राध्यापक, या बाई जीवशास्त्राच्या. यांतला अंगठाबहाद्दर कोण? ते वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नका.