'काय वाटलं' हे विचारायचंच नाही का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

माहितीपट पाहून मुलांनी काय लिहिलं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लगेच उत्तर दिलं नाही. पहिल्यांदा वाचताना राग आला होता, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यातल्या एका वाक्याशी अडून बसले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं असं की आजचा माहितीपट म्हणजे प्रचार. तो दाखवून मुलांना 'काय वाटलं' असं विचारणं म्हणजे त्या प्रचाराला मुलांच्या हस्ताक्षरात पावती फाडून देणं. मुलांनी आधी तथ्यं तपासावीत, भावनांचं नंतर बघू. फिल्म्स डिव्हिजनचे जुने माहितीपट निखळ माहिती देत, हेही त्यांनी लिहिलं. इंग्लंडच्या कोर्टाने एका माहितीपटावर शाळांमध्ये बंदी घातल्याचा दाखला दिला. विरुद्ध बाजूचा मजकूरही मुलांना लगेच द्यावा, असं सुचवलं. आणि शेवटी एवढंच: "मॅडम, तुम्ही अश्रूंना गुण देता."

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

लेखात मी एका मुलीचा निबंध जवळजवळ अख्खा दिला होता. चित्रपट पाहून ती लोकलमध्ये रडत घरी गेली, असं तिने लिहिलं होतं. तो निबंध मी वर्गातही मोठ्याने वाचला होता. पुढच्या वेळी ४१ वह्या आल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वह्यांत कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं. बाईंना काय आवडतं, हे मुलांना एका तासात कळतं. ही चूक माझी. लेखात तिचा उल्लेखही केला नाही, ही त्याहून मोठी चूक. त्यानंतर मी कुणाचाही निबंध वर्गात वाचून दाखवलेला नाही. 'मला कंटाळा आला, आणि तो अमुक ठिकाणी आला' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलालाही पूर्ण गुण दिले आहेत.

पण म्हणून तो प्रश्नच काढून टाकावा, हे मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगायचं तर त्या दिवशी वर्गात काय झालं ते नीट सांगायला हवं. मूळ लेखात मी ते घाईघाईत उरकलं होतं.

आम्ही पाहिला तो माहितीपटकार आनंद पटवर्धनांचा १९८५ सालचा 'हमारा शहर'. मुंबईत झोपड्या आणि फुटपाथवरची घरं तोडली जात होती, त्या दिवसांतला. एकीकडे घरं गेलेली माणसं बोलतात. दुसरीकडे तेव्हाचे पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, महापालिकेचे अधिकारी, सुखवस्तू मुंबईकर बोलतात. माझ्या वर्गातली मुलं गोवंडी, कुर्ला, भांडुप, कळवा अशा भागांतून येतात. चित्रपट संपल्यावर मी चर्चा होऊ दिली नाही. वही उघडा, म्हटलं, आणि बघताना नेमकं कुठे अंगात काहीतरी हललं तेवढंच लिहा. आवडला की नाही ते नको. कुठे, ते सांगा.

एका मुलीने लिहिलं, "घर तुटताना सगळे रडणाऱ्या बाईकडे बघत होते. मी पडद्यावर आमची पिशवी शोधत होते." ती चौथीत असताना तिचं घर तुटलं होतं. तोडायला गाडी आली की पहिली धाव भांड्यांसाठी नसते, हे तिच्या वहीतून मला कळलं. पहिली धाव असते त्या प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी, जिच्यात रेशनकार्ड, लाइटबिलं आणि आजोबांच्या नावाचा फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, असतो. ती पिशवी हरवली तर पुढे मिळू शकणारं घरही गेलं. तिची आई आजही ती पिशवी गणपतीच्या फोटोमागे टांगून ठेवते, हेही तिने लिहिलं.

दुसऱ्या एका मुलाने तोडणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं. त्याचे वडील महापालिकेच्या तोडकाम करणाऱ्या गँगमध्ये आहेत, आणि ते स्वतः वस्तीत भाड्याने राहतात. "सगळ्यांना त्या माणसांचा राग आला असेल. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. तोडकाम असतं त्या दिवशी पप्पा घरी येऊन बोलत नाहीत. त्या माणसांशी कुणीतरी दहा मिनिटं बसून बोलावं, असं मला वाटत राहिलं."

सर, या दोघांना मी आधी तथ्यं तपासायला बसवलं असतं तर काय झालं असतं, ते मला अनुभवाने माहीत आहे. मोबाइल निघाले असते आणि ४१ वह्यांत तोच एक परिच्छेद उतरला असता. फोटोपासची पिशवी आणि पहार धरलेला हात ही काय नुसती भावना आहे? त्या दृश्याबद्दल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असलेल्या दोन माणसांची ती साक्ष आहे. ती बाहेर आली कारण 'तुला कुठे लागलं' हे कुणीतरी विचारलं.

पण मी तिथे थांबले असते तर तुमचा आक्षेप खरा ठरला असता. पुढच्या तासाला त्या ४१ जागा फळ्यावर मांडल्या. बऱ्याच जणांनी एकच जागा लिहिली होती, जिथे शाहीर विलास घोगरे यांचं गाणं येतं. तेवढाच तुकडा आम्ही पुन्हा पाहिला, आवाज बंद करून. वर्गात चुळबुळ सुरू झाली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बातम्या लागल्यासारखं वाटतंय." मग तोच तुकडा चित्र झाकून फक्त ऐकला आणि वर्ग पुन्हा गप्प झाला. पाच मिनिटांत मुलांना कळलं की गळा दाटला होता तो निम्मा गाण्याने. कुणाला फसवल्यासारखं वाटलं, कुणाला नाही. एका मुलीने विचारलं, "पण गाणारा खोटं गातोय का?" मग मी त्यांना घोगऱ्यांबद्दल सांगितलं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली, त्यानंतर चार दिवसांनी या शाहिराने आत्महत्या केली. त्या घटनेपासून सुरू होणारा 'जय भीम कॉम्रेड' पुरा करायला पटवर्धनांना १४ वर्षं लागली. आवाजाचा परिणाम मोजायला शिकायचं आणि त्या आवाजामागचा माणूसही विसरायचा नाही, या दोन्ही गोष्टी मला मुलांना एकाच तासात द्यायच्या होत्या. जमलं की नाही, माहीत नाही.

आता ज्या जागेने वर्ग सर्वात जास्त वेळ अडवला, तिच्याकडे येते. चित्रपटात एक बाई कॅमेऱ्यावरच भडकते. आमचे फोटो काढून तुम्हाला काय मिळणार आणि आम्हाला काय, असा तिचा रोख आहे, आणि दिग्दर्शकाने ते कापून टाकलेलं नाही. बहुतेक मुलांनी लिहिलं की इथे आमचा चित्रपटावर विश्वास बसला. बघा, स्वतःवरची टीकासुद्धा ठेवली. एकाच मुलाने वेगळं लिहिलं: "त्या बाईच्या रागामुळे माझा दिग्दर्शकावरचा विश्वास वाढला. म्हणजे तिचा रागसुद्धा त्याच्याच कामाला आला. तिला हे चाललं असतं का?"

सर, मी एकोणीस वर्षं शिकवतेय. हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. माझ्या वर्गातल्या एका मुलाला तो पडतो, आणि पडतो तो स्वतःच्या प्रतिक्रियेकडे बघता बघता: माझा विश्वास वाढला, पण का वाढला? चित्रपट मन कसं वळवतो यावर मी तासभर व्याख्यान दिलं असतं, तरी तो तिथे पोचला नसता. वर्गात यावर भांडण झालं. मी निकाल दिला नाही, कारण माझ्याकडेही तो नाही. पटवर्धनांच्या बाजूने एवढं मात्र सांगितलं की १९८६ मध्ये कफ परेडजवळचं संजय गांधी नगर पाडलं गेलं तेव्हा ते तिथल्या लोकांबरोबर उपोषणाला बसले होते, शबाना आझमीही होत्या. त्या बाईच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं की नाही, हे मुलांनी ठरवायचं.

तथ्यं आम्ही तिसऱ्या तासाला घेतली. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो १० जुलै १९८५ ला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या त्या निकालातली दीड-दोन पानं मी सोप्या मराठीत करून वाटली. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असं तो निकाल म्हणतो. आणि फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणालाही नाही, रीतसर नोटीस देऊन घरं हटवता येतील, असंही तोच म्हणतो. फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. वर्ग गोंधळला. एका मुलीने विचारलं, "बाई, मग कोर्टाने आपली बाजू घेतली की त्यांची?"

मी विचारलं, आपली म्हणजे कुणाची?

ही मुलगी सोसायटीत राहते. दोन दिवसांपूर्वी फुटपाथवरची माणसं तिच्यासाठी 'ते' होती, आता 'आपण' झाली होती. मग सगळ्यांनी आपापल्या वह्या काढून 'आपण' आणि 'ते' या शब्दांखाली रेघा ओढल्या. चित्रपटाचं नावच 'हमारा शहर' आहे. त्यातला 'हमारा' कुणाचा, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या लेखी मन वळवणं म्हणजे हे. आकडे किंवा युक्तिवाद न मांडताही माणूस 'ते'मधून 'आपण'मध्ये येतो, आणि आलोय हे त्याला वहीत रेघ ओढेपर्यंत कळत नाही. ते वाईटच असतं, असं मी म्हणणार नाही. कळायला मात्र हवं.

इंग्लंडच्या कोर्टाबद्दल एक दुरुस्ती करते. तुमच्या मनात बहुधा हवामानबदलावरचा अल गोर यांचा २००६ चा माहितीपट आहे. तो तिथल्या सरकारने माध्यमिक शाळांत पाठवला आणि प्रकरण कोर्टात गेलं. २००७ च्या निकालात बंदी नाही. चित्रपटाचा गाभा विज्ञानाला धरून आहे, पण नऊ ठिकाणी तो शास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मतापलीकडे जातो, तेव्हा शिक्षकांसाठीच्या टिपणासह दाखवा, असं न्यायाधीशांनी सांगितलं. त्या नऊंपैकी एक जागा समुद्राच्या पातळीची. समुद्र २० फूट वाढला तर काय, ते नकाशावर दिसतं. किनाऱ्याची शहरं डोळ्यांदेखत पाण्याखाली जातात आणि हे जवळच येऊन ठेपलंय असं वाटतं. तसं व्हायचं तर हजारो वर्षं लागतील, असं निकालात म्हटलं आहे. आता सांगा सर, तो चित्रपट बघताना थिएटरात श्वास कुठे रोखला जातो? त्याच नकाशापाशी. ज्या मुलाला 'कुठे हललं' ते लिहायची सवय आहे, तो तपासायला पहिल्यांदा तिथेच जाईल. सव्वा-दीड तासाच्या चित्रपटातली शेकडो विधानं कुणीच तपासत नाही, तुम्ही-मीही नाही. कुठून सुरुवात करायची, हे आधी अंगालाच कळतं.

फिल्म्स डिव्हिजनबद्दल मात्र मी थोडी भांडणार. सिनेमाआधी सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या त्या फिल्म मलाही आठवतात. धीरगंभीर निवेदन, 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट', कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. ती निखळ माहिती होती? दोन मुलांचं कुटुंब नेहमी हसरं, जास्त मुलांचं नेहमी कळकट. तो आवाज आपल्याला सरकारचा वाटत नसे, सत्याचा वाटे, आणि त्याची ताकद त्यातच होती. त्याच फिल्म्स डिव्हिजनने १९६७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर मोकळेपणी बोलू देणारी फिल्मही काढली होती, तीही विसरू नये. मला वाटतं, आपला 'माहितीपट' हा शब्दच थोडा घोळ घालतो. माहिती म्हटलं की आपण मनाचं दार उघडं टाकून बसतो. जुना 'अनुबोधपट' हा शब्द निदान बोधाची कबुली तरी देत होता.

तुमची एक सूचना मी जूनपासून अमलात आणणार आहे. विरुद्ध बाजूचा मजकूर चित्रपटानंतर तिसऱ्या तासाला न देता, दुसऱ्याच दिवशी देईन. दोन दिवसांत मत घट्ट होतं, आणि मग कोर्टाचा निकालही मुलं आपल्या बाजूचा करून वाचतात, हे मी या वेळी पाहिलं. पण पहिली वही चित्रपट संपल्या संपल्याच, आणि कोरीच. तिथे मी ऐकणार नाही.

त्या तोडकामवाल्यांच्या मुलाने मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, चित्रपट पप्पांना दाखवला तर चालेल का. रविवारी दोघांनी मोबाइलवर बघितला. पप्पांनी मध्ये दोनदा थांबवायला लावला. कुठे, ते तो लिहून आणतोय. दोघांचीही हरकत नसेल, तर तुम्हाला नक्की पाठवीन.