फराळाचा सीझन आणि फॉर्ममधला ‘वार्षिक उत्पन्न’ हा रकाना

नवरात्र लागलं की इंदूरच्या सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, वैशाली नगर, सगळीकडे एकच प्रश्न दारोदार फिरतो. यंदा फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या की नाही? घेतल्या तर मध्य प्रदेश सरकार बायकांना दर महिन्याला देतं ते ‘लाडली बहना’चे पैसे बंद होतील, मुलीची ‘लाडली लक्ष्मी’ योजना जाईल, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मग कुणी सोऱ्या माळ्यावरच राहू देते, तर कुणी ऑर्डरी घेते आणि पैसे भावाच्या क्यूआर कोडवर मागवते. दोन्हीकडून नुकसान आपलंच होतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. म्हणून हे सविस्तर.

वर्षातले तीन-चार महिने घरून फराळ, पापड-कुरडया, तिळगूळ, मोदक, राख्या करून विकणं हे यातल्या कुठल्याही योजनेतून बाद होण्याचं कारण नाही. नियम विचारतात ते वेगळंच: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न किती, घरात कुणी आयकर भरतं का, सरकारी नोकरी किंवा पेन्शन आहे का, चारचाकी कुणाच्या नावावर आहे का. गोंधळ होतो तो पहिल्याच प्रश्नावर. ‘उत्पन्न’ विचारलं की बहुतेक जणी विक्रीचा आकडा सांगतात.

लाडली बहनाची अट अशी की कुटुंबाचं स्वतः घोषित केलेलं वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांच्या वर नसावं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं. सासू-सासरे, दीर-जाऊ यात येत नाहीत, स्वयंपाक एकत्र होत असला तरीही. त्यामुळे सासऱ्यांच्या पेन्शनचा आकडा आपल्या उत्पन्नात धरायचा नसतो.

आता एक हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. नवऱ्याचा पगार महिना 13,000, म्हणजे वर्षाचे 1,56,000. फराळाची विक्री 1,80,000 आणि उन्हाळ्यात पापड-कुरडयांची 40,000, एकूण 2,20,000. पगारात ही विक्रीच मिळवली तर 3,76,000 होतात आणि बाई स्वतःच्याच हाताने स्वतःला अपात्र ठरवते. पण त्या 2,20,000 मधून बेसन, तेल, तूप, साखर, गॅस, डबे-पिशव्या, मदतनीस बायकांची मजुरी आणि रिक्षाभाडं असे 1,37,000 गेले असतील, तर हातात राहिले 83,000. पगार धरून कुटुंबाचं उत्पन्न 2,39,000. अट पाळली जाते, आणि यात कणभरही खोटं नाही. फरक फक्त खर्च लिहून ठेवला की नाही याचा.

दुसरी चूक याहून घातक आहे. फॉर्म भरताना समोरचा विचारतो, "महिन्याला किती मिळतात?" सीझन चालू असतो, बाई ऑक्टोबरचा आकडा सांगते, आणि तो बाराने गुणला जातो. ऑक्टोबरात 45,000 सुटले म्हणून वर्षाचे 5,40,000 होत नाहीत. जानेवारीचा तिळगूळ आटोपला की मार्चपर्यंत कढई चढतच नाही. अशा वेळी महिन्याचा आकडा सांगूच नका. "काम हंगामी आहे, वर्षाचा निव्वळ नफा इतका" एवढंच सांगा आणि वही पुढे करा.

वही साधी शंभर पानीच ठेवा, पण ती अशी लिहा. डाव्या पानावर आवक: 17 ऑक्टोबर, चकली 4 किलो, दर 480, रुपये 1,920, यूपीआय. त्याखाली शंकरपाळे 3 किलो, दर 360, रुपये 1,080, रोख. उजव्या पानावर खर्च: बेसन 10 किलो 1,000, सोयाबीन तेलाचा 15 किलोचा डबा 2,250, दोघींची मजुरी 500 प्रमाणे 1,000. सियागंजच्या बाजारातून माल आणला असेल तर बिल मागून घ्या, कच्ची पावती मिळाली तरी त्याच पानाला टाचणीने लावा. चकलीचा चुरा, नमुन्याला दिलेला माल, वाटेत फुटलेला डबा, हेही त्या-त्या तारखेला लिहा. उधारीवर गेलेला माल वेगळ्या पानावर. होळीपर्यंत पैसे आले नाहीत अशी दोन-तीन घरं प्रत्येकीच्या वहीत असतातच. महिनाअखेरीला दोन्ही पानांची बेरीज करा. चौकशी झाली तर एवढी एक वही पुरेशी बोलते.

आता आयकर. लाडली बहनासाठी कुटुंबात कुणी आयकर भरणारं नसावं लागतं, आणि लाडली लक्ष्मीसाठी आई-वडिलांपैकी कुणीही आयकरदाता नसावं लागतं. ‘रिटर्न भरलं’ आणि ‘कर भरला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य कराचं रिटर्न भरलं म्हणून कुणी करदाता होत नाही. तरी पडताळणीत नुसतं ‘रिटर्न आहे’ एवढं बघून हरकत घेतली जाते. म्हणून रिटर्नच्या पावतीसोबत, देय कर शून्य असल्याचं दाखवणारं पान छापून ठेवा. कुठे टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापलेला कर) कापला गेला असेल तर तो परत मागून परताव्याची नोंदही जपा, नाहीतर तुमच्या नावावर कर जमा झाल्याचंच दिसत राहतं.

छोट्या धंद्यासाठी अंदाजित नफ्याची सोय आहे: रोख विक्रीवर 8 टक्के आणि बँक-यूपीआयने आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. वरच्या 2,20,000 वर हा नफा जेमतेम 13,000 ते 18,000 येतो. पण ही किमान मर्यादा आहे. खरा नफा 83,000 असेल तर 83,000 च दाखवा, कारण योजनेच्या फॉर्मवर एक आणि रिटर्नमध्ये दुसरा आकडा असला की दोन्ही संशयात येतात. तसंही 83,000 वर कर लागतच नाही. आयकराच्या नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत कराचा दरच शून्य आहे.

सर्वात जास्त घरं अडकतात ती मात्र उलट्या बाजूने. घराचं किंवा गाडीचं कर्ज हवं असतं, बँक तीन वर्षांची रिटर्नं मागते, आणि कुणीतरी सल्ला देतं, "वहिनींच्या फराळाचे 4 लाख 80 हजार दाखवू, टॅक्स तर शून्यच येणार." टॅक्स शून्य येतो हे खरं. पण त्या दिवशी तुम्ही सरकारी कागदावर सही करून 2.5 लाखांची रेषा ओलांडलेली असते. पुढे मुलासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला लोकसेवा केंद्रात गेलात की हेच रिटर्न समोर येतं. न कमावलेलं उत्पन्न दाखवू नका. कर्ज मिळवायला तो आकडा सोयीचा वाटतो, पण ते फिटेपर्यंत तो पाठ सोडत नाही.

तसंच गाडीचं. डिलिव्हरीसाठी नवऱ्याच्या नावावर जुनी व्हॅन घेतली तर ती चारचाकीच, मग ती कितीही जुनी असो. सीझनपुरती तीनचाकी लोडिंग रिक्षा भाड्याने घेतलेली परवडते. भाडं खर्चातही धरता येतं.

पैसे कुठे येतात याकडेही लक्ष द्या. फराळाच्या क्यूआरसाठी बाई नवीन खातं उघडते, बँकेत आधार जोडते, आणि पुढच्या महिन्यात लाडली बहनाचा हप्ता जुन्या खात्यात दिसत नाही. बंद झाला असं वाटून रडारड होते. प्रत्यक्षात सरकारी पैसे आधारवरून जातात, आणि थेट लाभासाठी आधार सगळ्यांत शेवटी ज्या खात्याला जोडलं त्याच खात्यात पडतात. आधार बँकेला दिलेलं असणं वेगळं आणि डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येणं) चालू असणं वेगळं. म्हणून नवीन खातं उघडताना सांगा, "केवायसीसाठी आधार घ्या, डीबीटी जुन्याच खात्यावर राहू द्या." धंद्याचं खातं मात्र स्वतःच्याच नावाचं असू द्या. नवऱ्याच्या क्यूआरवर आलेली विक्री त्याच्या पगारात मिसळते आणि मग कोणता पैसा कोणाचा हे सांगता सांगता नाकी नऊ येतात.

बाळ होणार असेल तर गणित वेगळं. नोकरीतल्या बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, स्वतःचा धंदा करणारीला तशी रजा देणारं कुणी नाही. तिच्यासाठी आहे प्रधानमंत्री मातृ वंदना योजना: पहिल्या बाळाला 5,000 रुपये, 3,000 आणि 2,000 अशा दोन हप्त्यांत, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर 6,000 एकरकमी. रक्कम थोडी आहे, पण फराळाच्या कमाईने ती जात नाही. पात्रतेच्या यादीतली कोणतीही एक गोष्ट पुरते: ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांचं), आयुष्मान कार्ड, बीपीएल रेशन कार्ड, किंवा कुटुंबाचं 8 लाखांखालचं उत्पन्न. घरून काम करणाऱ्या बाईला ई-श्रम कार्ड सर्वात सोपं, ते फुकट निघतं. नोंदणी आंगनवाडीत. पाळी चुकल्यावर दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू, असं करू नका. पहिल्या हप्त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी झालेली लागते, आणि सीझनच्या धांदलीत नेमकी तीच राहते.

आपल्या मराठी लोकांचा अर्ज अडकण्याचं आणखी एक कारण नावात आहे. आधारवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं, समग्र आयडीवर (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकावर) हिंदी पद्धतीने फक्त नाव-आडनाव, आणि बँकेत अजून माहेरचं आडनाव. तिन्ही कागद अर्ज करण्याआधी जुळवून घ्या. आधी आधार, मग समग्रची ई-केवायसी, मग बँक, याच क्रमाने.

अर्धवेळ नोकरीत असलेल्या आणि प्रसूती रजेवर गेलेल्या बायकांनी जरा थांबून वाचा. पगारी प्रसूती रजेवर असताना दुसऱ्या आस्थापनेत काम केलं तर तेवढ्या काळाचा लाभ जातो, असं कायदाच सांगतो. ईएसआयमधून (कर्मचारी राज्य विम्यातून) पैसे घेत असाल तर त्या काळात मोबदल्याचं काम करत नसल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि स्वतःच्या नावाने घेतलेल्या फराळाच्या ऑर्डरी तिथे अडचणीत आणू शकतात. ते सहा महिने सासूबाईंना किंवा जावेला ऑर्डरी घेऊ द्या, पैसेही त्यांच्याच खात्यात आणि कामही खरोखर त्यांनीच केलेलं.

दिवाळीआधी नमकीनच्या कारखान्यांत तीन महिन्यांचं पॅकिंगचं काम निघतं, तेव्हाही एक गोष्ट विचारून घ्या: पीएफ-ईएसआय कापणार का? कापणं तुमच्या हिताचंच आहे, त्याला नाही म्हणू नका. पण पीएफ किंवा ईएसआयचे सदस्य ई-श्रमला पात्र नसतात. ज्या बाईला त्याच वर्षी बाळ होणार आहे, तिने मातृ वंदनासाठी ई-श्रमऐवजी दुसरा एखादा आधार, जसं आयुष्मान कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला, हाताशी ठेवावा.

मुलं अकरावी-बारावीला आली की ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि ओबीसी दाखल्याची धावपळ सुरू होते. दोन्हीकडे 8 लाखांची रेषा आहे, पण मोजणी अगदी वेगळी. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा, सगळं एकत्र मोजतात, आणि ते आधीच्या आर्थिक वर्षाचं. वडिलांचा पगार 7,40,000 आणि आईचा फराळ 83,000 असेल तर बेरीज 8,23,000, दाखला गेला. ओबीसीत वडील सरकारी तृतीय किंवा चतुर्थ श्रेणीत असतील तर त्यांचा पगार उत्पन्नाच्या कसोटीत धरत नाहीत, आईच्या धंद्याचं उत्पन्न मात्र धरतात. आणि तिथे सलग तीन वर्षं रेषा ओलांडली तरच दाखला जातो. एका वर्षी मोठी ऑर्डर मिळाली म्हणून मुलाचा हक्क जात नाही.

हेच तीन वर्षांचं तत्त्व लाडली बहनालाही लावायला हवं, असं माझं ठाम मत आहे. हंगामी धंद्यात एक वर्ष भरभरून जातं आणि पुढच्या वर्षी घरात आजारपण निघालं की कढईच चढत नाही. नोंदणी 2023 पासून बंद आहे. एका चांगल्या वर्षामुळे बाई बाहेर पडली तर पुढच्या वाईट वर्षी तिला परत यायला दारच नाही. नोव्हेंबर 2025 पासून हप्ता 1,500 आहे, वर्षाचे 18,000 होतात, आणि तेवढ्यासाठी कुणी आपला धंदा वाढवायचं थांबवावं हे बरोबर नाही. पोर्टलवर लाभ सोडून देण्याची सोय आहे, पण भीतीपोटी ते बटण दाबू नका. आधी वहीतला वर्षाचा निव्वळ आकडा काढा. तो खरोखर 2.5 लाखांच्या वर असेल तर मग बोलू.

वर्ष मोजायचं ते 1 एप्रिल ते 31 मार्च. दिवाळी आणि संक्रांत एकाच वर्षात पडतात, पण पापडांचा सीझन मार्चच्या मध्यात सुरू होऊन मेपर्यंत चालतो, म्हणजे तो दोन वर्षांत विभागला जातो. 31 मार्चला वहीत रेघ मारा, शिल्लक उडीद डाळ आणि तयार पापड किती किलो ते लिहा, आणि 1 एप्रिलला नवीन पान उघडा. कुणाचा हप्ता कारण न सांगता थांबला असेल तर आधी डीबीटीचं खातं तपासा, मग आंगनवाडी किंवा झोन कार्यालयात विचारा, तरी कारण कळलं नाही तर 181 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. कमेंटमध्ये विचाराल तर नावगाव-आधार क्रमांक टाकू नका, फक्त अडचण लिहा.