गव्हातला ‘अमेरिकन कोळी’ आणि आपल्या तुरीतला वांझ: फिरत्या मेसेजला उत्तर

मोहोळ, माढा, पंढरपूर, अक्कलकोट, कुठल्याही बाजूचा शेतकरी ग्रुप उघडा, सध्या एक मेसेज सापडतोच. वर पिवळ्या पट्ट्यांच्या गव्हाचा फोटो, खाली ‘सावधान’. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतला गव्हाचा व्हायरस सोलापूर जिल्ह्यात घुसलाय, डोळ्यांना न दिसणारा कोळी (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) तो पसरवतो. पट्टे दिसताच चोवीस तासांत कोळीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र मारा. घरचं बियाणं पेरू नका. हाच कोळी तुरीवर जाऊन तिला वांझ करतो. असा गहू खाऊ नका, त्याचं काडही जनावरांपुढे टाकू नका.

रोग काल्पनिक नाही. त्याला ‘व्हीट स्ट्रीक मोझॅक’ म्हणतात. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९२२ सालीच तो लक्षात आला होता, आणि तो कोळ्यामार्फत पसरतो हे १९५० च्या दशकात कॅनडात सिद्ध झालं. कॅन्ससमध्ये २०१७ च्या हंगामात या रोगाने साडेसात कोटी डॉलरहून जास्त नुकसान केल्याचा तिथला अंदाज आहे. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

‘सोलापुरात घुसलाय’ याला पुरावा काय? गावाचं नाव नाही, गट नंबर नाही, प्रयोगशाळेचा अहवाल नाही. आहे तो फोटो. त्यातल्या शेताला ना बांध, ना सारा, ना पाट. क्षितिजापर्यंत सपाट गहू. आपल्याकडे असं रान दाखवा आणि बक्षीस घ्या. शिवाय पान बघून या विषाणूचं निदान होत नाही, पानाचा नमुना तपासावा लागतो.

आपल्याकडे गहू पिवळा पडायला कारणं कमी आहेत का? खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडलंय. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, आणि जमीन चुनखडीची, तर लोह मिळत नाहीये. पानाला हात लावला की चिकट लागतं, तर मावा. साऱ्याच्या तोंडाशी पाणी साचतं तेवढाच पट्टा पिवळा, तर पाणी जास्त झालंय. विषाणूचे पट्टे सलग नसतात. शिरांना समांतर अशा तुटक रेघा असतात, आणि त्या आधी नव्या पानांवर उमटतात.

आता फवारणी. मेसेजमधलं हेच वाक्य खिसा कापणारं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपल्याला कोळी म्हटलं की वांग्यावरचा नाहीतर द्राक्षावरचा लाल कोळी आठवतो: आठ पाय, पानामागे जाळी, बारकाईने पाहिलं तर दिसतो. गव्हावरचा हा कोळी त्या जातकुळीचा नाही. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, पांढरट, विडीसारखा लांबुळका, आणि पाय चारच, तेही डोक्याजवळ. चांगलं भिंग नसेल तर दिसणारच नाही. राहतो पोंग्यात आणि कडा वळलेल्या पानाच्या सुरळीत. औषध पानावरून ओघळतं, हा आत कोरडा बसलेला. हवामान मानवलं की आठ-दहा दिवसांत पुढची पिढी तयार. पंख नाहीत, पण वारा नेईल तिकडे जातो, म्हणजे आज मारले तरी शेजारच्या रानातून उद्या नवे येणार.

आणि मुख्य गोष्ट अशी की पट्टे दिसतात तेव्हा विषाणू रोपात शिरून बरेच दिवस, कधीकधी महिने झालेले असतात. अमेरिकेत रोप शरद ऋतूत बाधतं आणि पट्टे वसंतात ऊन वाढल्यावर उठून दिसतात. चोवीस तासांत मारा किंवा चोवीस मिनिटांत, आतला विषाणू कोळीनाशकाने मरत नाही. अँटिबायोटिक तर जिवाणूंवरचं औषध. डाळिंबाच्या तेल्यासाठी, म्हणजे जिवाणूंच्या रोगासाठी आणलेली अर्धी पुडी घरात पडून आहे म्हणून ती गव्हाच्या पंपात टाकायची नसते. ज्या अमेरिकेचं नाव घेऊन हा मेसेज फिरतोय, तिथले कृषी विद्यापीठवालेही या रोगासाठी कोळीनाशक मारा म्हणत नाहीत.

मग ते करतात काय? तिकडचा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, हिवाळाभर थंडीत राहतो आणि जून-जुलैत निघतो. काढणीच्या तोंडावर गारपीट झाली की दाणे झडतात, पावसावर उगवतात, आणि तो आपसूक उगवलेला गहू नव्या पेरणीपर्यंत हिरवा उभा राहतो. कोळी जुन्या गव्हावरून त्यावर, त्यावरून नव्या रोपावर. हा पूल तोडायचा: असा गहू पेरणीच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण मारून टाकायचा आणि पेरणीची घाई करायची नाही. हिरवं पान मिळालं नाही तर कोळी थोड्याच दिवसांत मरतो. काही रोगप्रतिकारक वाणही आहेत, पण त्यातल्या बऱ्याच वाणांची ताकद ऊन वाढलं की कमी होते.

आपला गहू नोव्हेंबरात पेरतो, मार्चमध्ये निघतो. त्यानंतर एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात गव्हाचं हिरवं पातं कुठे शिल्लक असतं? एक शंका मात्र रास्त आहे: मका. तिकडे मक्यावरही हा कोळी आणि हा विषाणू दोन्ही आढळतात, आणि उजनीच्या पाण्यावर आपल्याकडे चाऱ्याचा मका जवळजवळ बारमाही असतो. म्हणून लक्ष ठेवायला हरकत नाही. घाबरायला मात्र हरकत आहे.

घरच्या बियाण्याचं म्हणाल तर मेसेज अर्धा बरोबर आहे. हा विषाणू बियाण्यातून जातो, पण ऑस्ट्रेलियातल्या तपासणीत हे प्रमाण शंभरात एक-दीडच्या आसपासच निघालं. नव्या मुलखात रोग पोचायला तेवढं पुरतं, म्हणून बाहेरदेशच्या बियाण्यावर क्वारंटाइन असतं. पण तुमच्याच रानात निरोगी वाढलेल्या लोकवन गव्हाच्या घरच्या बियाण्याने अमेरिकेचा विषाणू कसा आणला, हे मेसेजवाल्यालाच विचारावं लागेल.

आता तुरीचं, आणि इथे खरा राग येतो. वांझ रोग आपल्याकडे खराच आहे आणि तोही कोळ्यामुळेच होतो, म्हणून लोकांना मेसेज पटतो. पण तुरीवरचा कोळी वेगळा. गव्हाच्या कोळ्याचा तो भाऊबंद आहे, पण जगतो तूर आणि तुरीच्या काही रानटी भावंडांवर. गव्हावरून तुरीवर येतो हे सपशेल चूक. विषाणूही वेगळा. हा रोग १९३१ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे नोंदवला गेला. म्हणजे अमेरिकेहून यायची त्याला गरजच नव्हती. त्यामागचा विषाणू हाती लागायला मात्र २००० साल उजाडलं, तेही हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या कामातून.

वांझ झालेलं झाड ओळखायला भिंग लागत नाही. पानं बारीक, फिकट, हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची; झाड झुडपासारखं माजलेलं; फूल नाही, शेंग नाही. सगळं रान वाळून काढणीला येतं आणि हे झाड हिरवंगार उभं. पहिल्या दीड महिन्यात लागण झाली तर त्या झाडाकडून जवळजवळ काहीच हाती येत नाही. पुष्कळजण काढणीच्या वेळी ‘हिरवं आहे, राहू दे’ म्हणून ते सोडतात, शेळ्यांना पाला होतो. तोडलेल्या तुरीची खोडं फुटतात, बांधावरची दोन-चार झाडं वर्षानुवर्षं उभी असतात. झाला पूल तयार. जूनमध्ये नवी तूर उगवली की कोळी वाऱ्यावर तिकडे. गव्हाचा विषाणू अमेरिकेतून येईल म्हणून झोप उडालेला माणूस स्वतःच्या बांधावर तुरीचा विषाणू सांभाळतोय!

हा रोग बियाण्यातून येत नाही, त्यामुळे घरचं बियाणं टाकून देऊन काही साधत नाही. साधतं ते असं: जुनी खोडं आणि बांधावरची तूर पेरणीआधी मुळासकट काढणं, पहिल्या दीड महिन्यात वांझ दिसेल ते रोप तिथल्या तिथे उपटणं, आणि वाण बघून घेणं. बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, विपुला, आशा हे या रोगाला दाद न देणारे म्हणून माहीत असलेले वाण. दुकानदार नवा वाण हातात ठेवत असेल तर ‘मर आणि वांझ, दोन्ही रोगांना टिकतो का?’ एवढं विचारा. तुरीत रोप लहान असताना कोळीनाशकाचा थोडाफार उपयोग होतो, पण तो नव्या झाडांना वाचवण्यापुरता. वांझ झालेल्या झाडाला शेंग आणणारं औषध कुणी विकत असेल तर दुकान बदला.

राहिलं खाण्याचं. वनस्पतींचा हा विषाणू माणसाला किंवा जनावराला लागत नाही. रोगट गव्हाचा दाणा चिरमुटलेला असतो, वजन भरत नाही, अडतीवर भाव कमी मिळतो. पोळीला मात्र काही होत नाही, आणि काड गाईपुढे टाकायला हरकत नाही.