पाठांतर, पीटी आणि मोठा आवाज: एनसीओ कोर्सबद्दलच्या एका ढकलपत्राला उत्तर

‘लष्करी लीडरशिप कोर्समध्ये पहिलं कसं यायचं’ अशा मथळ्याचं एक ढकलपत्र बरंच फिरतंय. ते अमेरिकी लष्कराच्या बेसिक लीडर कोर्सबद्दल आहे, पण पुढे ढकलणाऱ्यांनी ते जगातल्या सगळ्याच एनसीओ कोर्सना लावून टाकलंय. दावे पाच आहेत. एक, हा पाठांतराचा खेळ आहे, सगळं घोकून जा. दोन, पीटीत पहिला तोच कोर्समध्ये पहिला. तीन, आवाज मोठा हवा, बाकी आपोआप होतं. चार, इन्स्ट्रक्टरच्या नजरेसमोर राहा आणि शेजाऱ्याला मागे टाका. पाच, नंबर नाही आला तरी काही बिघडत नाही, कारण नेतृत्व वर्गात शिकता येत नाही. ते युनिटमध्ये येतं आणि कोर्स म्हणजे नुसता कागद. शिवाय जाता जाता बूट चमकवण्याचा सल्लाही आहे.

ज्यांना या पदांची ओळख नाही त्यांच्यासाठी: एनसीओ म्हणजे नॉनकमिशन्ड ऑफिसर, आपल्याकडचे नायक, हवालदार, अमेरिकेत कॉर्पोरल, सार्जंट. योजना कमिशन्ड अधिकारी आखतो. ती आठ-दहा जणांकडून प्रत्यक्षात उतरवून घेणारा माणूस एनसीओ.

पत्र धडधडीत खोटं असतं तर उत्तर द्यायची गरज नव्हती. अडचण अशी की त्यातल्या प्रत्येक दाव्यात थोडंसं तथ्य आहे. पण पाचही दावे एकट्या माणसाच्या पराक्रमाबद्दल आहेत आणि हा कोर्स मुख्यतः मोजतो ती दुसऱ्याकडून काम करून घेण्याची रीत.

पहिला दावा पाठांतराचा. हे मत कुठून आलं ते समजण्यासारखं आहे. एनसीओंची एक प्रतिज्ञा आहे, ‘क्रीड ऑफ द नॉनकमिशन्ड ऑफिसर’. ती १९७३ मध्ये फोर्ट बेनिंग इथे लिहिली गेली आणि आजही कोर्सला आलेल्यांना ती तोंडपाठ असावी अशी अपेक्षा असते. कवायतीचे हुकूम तर शब्दशः यावेच लागतात. जुन्या काळात, म्हणजे हा कोर्स प्रायमरी लीडरशिप डेव्हलपमेंट कोर्स आणि नंतर वॉरियर लीडर कोर्स या नावांनी ओळखला जायचा तेव्हा, पर्याय निवडायच्या लेखी परीक्षांनाही वजन होतं. बेसिक लीडर कोर्स हे नाव २०१५ च्या सुमाराला आलं आणि त्या दशकाच्या शेवटी अभ्यासक्रम नव्याने बांधला गेला. २२ दिवसांच्या त्या आराखड्यात निबंध लिहायचे होते, वर्गापुढे उभं राहून विषय मांडायचा होता, तुकडीची कवायत घ्यायची होती, शारीरिक प्रशिक्षणाचं सत्र चालवायचं होतं आणि एक कौशल्य दुसऱ्याला शिकवून दाखवायचं होतं. यातलं घोकून काय होणार?

लिहिणं या गोष्टीपाशी जरा थांबायला हवं, कारण चांगले, कामसू सैनिक इथेच अडखळतात आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही. सार्जंटला कशाला हवं लिहायला, असं वाटणं साहजिक आहे. पण हाताखालच्या जवानाशी त्याच्या कामगिरीबद्दल बोलणं होतं तेव्हा ते सार्जंट एका ठरलेल्या फॉर्मवर नोंदवतो. समजा, एखादा जवान वारंवार उशिरा येतोय. एक सार्जंट लिहितो, ‘वक्तशीरपणा नाही, वागणूक सुधारावी’. दुसरा लिहितो, कोणत्या तारखांना किती उशीर झाला, त्यामुळे कोणतं काम अडलं, पुढच्या किती दिवसांत काय बदललेलं दिसायला हवं. त्याच फॉर्मवर आणखी एक रकाना असतो: यात मदत म्हणून वरिष्ठ स्वतः काय करणार. पहिल्या सार्जंटचा तो रकाना हमखास एका ओळीत उरकलेला असतो. उद्या प्रकरण वर गेलं, जवानाला सेवेत ठेवायचं की नाही असा प्रश्न आला, तर पहिल्याचा कागद कुणाच्याच उपयोगाचा नाही. ना जवानाच्या, ना लष्कराच्या. वार्षिक मूल्यमापनाचे शेरे, शौर्य किंवा सेवापदकाची शिफारस, सगळं असंच कागदावर ठरतं. ज्याने खरंच काही कमावलंय असा जवान केवळ सार्जंटला दोन नीट वाक्यं लिहिता न आल्यामुळे पदकाला मुकू शकतो.

अमेरिकी लष्कराच्या पत्रव्यवहाराच्या नियमावलीत चांगल्या लेखनाची कसोटी सरळ दिली आहे: एकदा भरभर वाचताच कळलं पाहिजे, मुख्य मुद्दा आधी आला पाहिजे, वाक्य कर्तरी हवं. अवजड शब्दांचा सोस असलेल्यांना ही कसोटी निबंधाच्या पहिल्याच खर्ड्यात आडवी येते. कोर्सला जायच्या आधी रोज एक पान लिहून ते कुणाला तरी वाचायला देणं, हे प्रतिज्ञा शंभरदा म्हणण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

आता पीटी. तंदुरुस्तीची चाचणी आणि उंची-वजनाचे निकष ही अट आहे आणि ती सैल नाही. त्यात कमी पडणाऱ्याला बाकीची हुशारी वाचवत नाही. पण अटीचं हे दार ओलांडल्यावर तुम्ही ते किती ऐटीत ओलांडलं याला फारसं महत्त्व राहत नाही. काही अकादम्या पीटीतल्या अव्वल सैनिकाचा वेगळा सन्मान करतात. तो सन्मान वेगळा आहे, यातच सगळं आलं. कोर्समध्ये पीटीचे गुण मिळतात ते सत्र चालवण्याचे. समोरच्यांना अंतर राखून नीट उभं केलं का, व्यायाम क्रमाने घेतले का, गती बरोबर होती का, चुकीच्या पद्धतीने वाकणाऱ्याला थांबवून दुरुस्त केलं का. स्वतः ऐंशी पुशअप मारणारा आणि मागच्या रांगेत कोण काय करतंय याचा पत्ता नसणारा इथे मागे पडतो.

एक अपवाद मान्य करायला हवा. वेल्समधल्या ब्रेकन इथे ब्रिटिश पायदळाचा सेक्शन कमांडर्स बॅटल कोर्स होतो. तिथे डोंगर, पाऊस, पाठीवरचं ओझं आणि अपुरी झोप यांच्यात हुकूम द्यावे लागतात. शरीर थकलं की डोकं चालत नाही, त्यामुळे तिथे दम हा निकालाचा मोठा भाग होतो. पण म्हणूनच सगळे एनसीओ कोर्स एकाच मापात बसवू नयेत. आणि ब्रेकनलासुद्धा नजर असते ती चढ चढून गेल्यावर तुम्ही आपल्या सेक्शनला, म्हणजे आठ-दहा जणांच्या तुकडीला, काय सांगता यावर.

आवाजाचा दावा मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण तो खोडायला अमेरिकी लष्कराची कवायतीची पुस्तिकाच पुरे आहे. तिच्यात हुकमाच्या आवाजावर स्वतंत्र विवेचन आहे. आवाज किती मोठा, हे समोर माणसं किती आणि किती लांब यावर ठरवायचं. घसा ताणायचा नाही, श्वास पोटातून घ्यायचा. श्वासाचा सगळ्यात महत्त्वाचा स्नायू म्हणजे श्वासपटल. शब्द स्पष्ट हवा, चढ-उतार हवा, लय हवी. ‘फॉरवर्ड, मार्च’ या हुकमात पहिला शब्द तयारीचा, तो चढता. दुसरा अंमलाचा, तो तोडून. दोहोंच्या मध्ये ठरावीक अवकाश.

खरी परीक्षा चालत्या तुकडीला हुकूम देताना होते. अंमलाचा शब्द कोणता पाय जमिनीला टेकताना उच्चारायचा हे ठरलेलं असतं. ‘राइट फ्लँक, मार्च’ या उजवीकडे वळण्याच्या हुकमातला ‘मार्च’ उजवा पाय टेकताना यायला हवा. डाव्यावर आला की अर्धी तुकडी एका पावलावर वळते, अर्धी दुसऱ्यावर, आणि रांगेची पार रया जाते. हुकूम कितीही दणदणीत असला तरी ती चूक झाकत नाही. उलट सगळ्या मैदानाला ऐकू जाते. म्हणजे हुकूम देणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या गळ्याकडे नको, दुसऱ्यांच्या पायांकडे हवं.

चौथ्या दाव्यात दोन गोष्टींची मोट बांधली आहे, त्या वेगळ्या करू. इन्स्ट्रक्टरच्या नजरेत राहण्याचं म्हणाल तर लपायला जागाच नसते. विद्यार्थ्यांचे गट लहान असतात, गटाचा इन्स्ट्रक्टर दिवसभर सोबत असतो. पुढे पुढे करणारा त्याला पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो. शिवाय गुण कशाला आणि किती, याचा तपशील सुरुवातीलाच विद्यार्थ्यांच्या हातात दिलेला असतो. निबंधात काय बघणार, भाषणात काय बघणार, कवायतीत कुठल्या चुकीला किती कापणार, हे त्यात असतं. गुपित शोधत फिरणारे बरेचजण हाती दिलेला हा कागदच धड वाचत नाहीत. त्यात एक कलम असं असतं की कुठल्याही चाचणीत पहिल्या प्रयत्नात नापास झालेला माणूस फेरचाचणी देऊन उत्तीर्ण होऊ शकतो, पण सन्मानाच्या यादीतून बाहेर पडतो. म्हणून कमांडंट्स लिस्टवर, म्हणजे वर्गातल्या वरच्या २० टक्क्यांत, यायचं तर एखाद्या विषयात चमकण्यापेक्षा कशातच न घसरणं जास्त गरजेचं असतं. पत्रात हे असतं तर मी त्याला अर्धे गुण दिले असते.

दुसरी गोष्ट, शेजाऱ्याला मागे टाकण्याची. हा सल्ला तर नुकसानच करेल. कोर्समध्ये भूमिका फिरत्या असतात: आज तुम्ही सेक्शनचे प्रमुख, उद्या तुमचा शेजारी. काल तुम्ही त्याच्या वेळी अंग चोरलं असेल तर आज तुमच्या हुकमावर तो किती धावेल? आणि नेतृत्वासाठीचा जो खास सन्मान आहे, त्यात सहाध्यायांचंही मत घेतलं जातं. ज्याने नकाशा न कळणाऱ्या सोबत्याला संध्याकाळी तासभर बसून शिकवलं, त्याचं नाव त्यांना आठवतं.

अमेरिकी हवाई दलात एनसीओ होऊ घातलेल्यांच्या एअरमन लीडरशिप स्कूलमधल्या सर्वोच्च पुरस्काराला जॉन लेव्हिटो यांचं नाव आहे. २४ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री व्हिएतनामवर उडणाऱ्या एसी-४७ या लढाऊ विमानात ते लोडमास्टर, म्हणजे विमानातलं सामान हाताळणारे, होते. मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा, गोळा पंखावर आदळला, विमानात छर्रे घुसले आणि पेटायच्या बेतात असलेला मॅग्नेशियमचा फ्लेअर (उजेडासाठी आकाशात सोडायचा जळता दिवा) दारूगोळ्याच्या डब्यांमध्ये घरंगळू लागला. लेव्हिटो यांच्या अंगावर चाळीसहून अधिक जखमा होत्या. त्यांनी आधी उघड्या दाराजवळ पडलेल्या जखमी सोबत्याला आत ओढलं, मग फ्लेअरवर झेप घेऊन तो छातीशी धरला, सरपटत दारापर्यंत नेला आणि बाहेर फेकला. बाहेर पडताक्षणी तो पेटला. १९७० मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. घटनेच्या वेळी ते एअरमन फर्स्ट क्लास होते, एनसीओसुद्धा नव्हते. सोबत्याला मागे टाकणाऱ्यासाठी हा पुरस्कार ठेवलेला नाही, एवढं तर उघड आहे.

राहिला पाचवा दावा, ‘नेतृत्व युनिटमध्येच येतं’. अर्धं खरं. चांगल्या प्लॅटून सार्जंटच्या, म्हणजे तीसेक जणांच्या तुकडीतल्या ज्येष्ठ एनसीओच्या, हाताखाली दोन वर्षं काढण्याला कुठलाही वर्ग पर्याय नाही. पण सगळ्यांना चांगला प्लॅटून सार्जंट मिळत नाही, आणि नेमक्या याच कारणाने हे कोर्स निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या अमेरिकी फौजेत अनुभवी एनसीओंची वानवा होती, तेव्हा १९४९ मध्ये म्युनिकला एक एनसीओ अकादमी उघडली. व्हिएतनाम युद्धात हा तुटवडा इतका वाढला की १९६७ पासून निवडक जवानांना थोडक्या महिन्यांत सार्जंट बनवणारा कोर्स चालवावा लागला. जुन्या लोकांनी त्यांची ‘इन्स्टंट’ म्हणून यथेच्छ टर उडवली. १९७१ मध्ये पायरीपायरीने शिकवणारी कायमची व्यवस्था आली आणि १९७२ मध्ये टेक्सासच्या फोर्ट ब्लिसला सार्जंट मेजर अकादमी स्थापन झाली. ‘युनिटच शिकवेल’ हा प्रयोग लष्कराने अनेक दशकं करून पाहिला होता. चांगल्या युनिटने शिकवलं, वाईट युनिटने वाईट सवयी लावल्या.

आणि नुसता कागद? २०१६ पासून अमेरिकी लष्कराने ‘आधी शिक्षण, मग बढती’ हे धोरण लागू केलं. मधल्या काळात त्यात तात्पुरत्या सवलती दिल्या गेल्या, पण सार्जंट व्हायचं तर हा कोर्स करावा लागतो हे तत्त्व तेच राहिलं. कोर्सचा शेरा सेवापुस्तिकेत कायम राहतो आणि बढतीच्या गुणांतही सन्मानाची भर पडते. कोर्समध्ये पहिला आलेला प्रत्येकजण उत्तम सार्जंट होतोच असं नाही, हे खरं. वर्गखोलीवर भर दिल्यामुळे मैदानी सराव मागे पडतो, ही टीकाही लष्करातूनच झाली आहे आणि ती मला पटते. पण ती कोर्स सुधारण्याची मागणी आहे. कोर्समध्ये पाट्या टाकण्याची मुभा त्यातून निघत नाही.

बूट चमकवण्याच्या सल्ल्याबद्दल एवढंच: अमेरिकी सैनिकांचे रोजचे बूट २००० च्या दशकाच्या मध्यापासून स्वेडचे, म्हणजे खरखरीत चामड्याचे, आहेत, त्यांना पॉलिश लागतच नाही. पत्र किती जुन्या ऐकीव माहितीवर बेतलं आहे, याचा अंदाज मला तरी तिथेच आला.